तीन निरोप

माणूस गेल्याची बातमी कळली, की आपण पहिल्याने विचारतो, "काय करीत असत?" कसे होते, हा प्रश्न मागाहून येतो; कित्येकदा येतही नाही. "फौजदार होते", "मामलेदार कचेरीत होते", "शाळेत मास्तर होते", एवढे उत्तर मिळाले की आपले समाधान होते आणि आपण पुढच्या कामाला लागतो. आपल्याकडे तर हुद्दा माणसाला आडनावासारखा चिकटतो. लष्करातून पेन्शनीत आलेला सुभेदार गावच्या पारावर मरेपर्यंत सुभेदारच राहतो, आणि पुढे त्याच्या नातवंडांच्या घरालाही 'सुभेदारांचे घर' म्हणतात. जन्मभर मनुष्य जे करीत आला तेच त्याचे नाव झाले, तर त्यात गैर काय, असे कोणी विचारील. गैर काहीच नाही. पण तेवढे पुरे आहे का, हा प्रश्न उरतोच, आणि तोच आज जरा उलगडून पाहावा असे मनात आहे.

उदाहरण मात्र दूरचे घेतो, कारण दूरच्या माणसाविषयी विचार करताना भीड आड येत नाही. अमेरिकेतल्या लहान लहान गावांच्या वर्तमानपत्रांत मृत्युलेख छापून येतात. त्यांत एका विशिष्ट तऱ्हेच्या माणसाचे चरित्र पुनःपुन्हा भेटते. नावगाव निराळे, साचा एकच. तरुणपणी सैन्यात, कोरियाच्या नाही तर व्हिएतनामच्या युद्धात. परत आल्यावर पोलिसात, किंवा परगण्याच्या शेरीफच्या हाताखाली. वीस-पंचवीस वर्षे ती नोकरी. (शेरीफ हा तिकडे बहुतेक ठिकाणी लोकांनी मते देऊन निवडलेला अधिकारी असतो.) मग लग्न, मुले, नातवंडे. आणि अगदी शेवटी, जागा उरली म्हणून घातल्यासारखी एक ओळ: त्यांना हौशी रेडिओचा नाद होता, त्यांचे संकेतनाम अमुक अमुक.

सैनिक, कायद्याचा राखणदार आणि रेडिओचा हौशी. एकाच माणसाच्या ह्या तीन ओळखी. आणि गंमत अशी, की ह्या तिन्ही मंडळींत गेलेल्या माणसाला निरोप देण्याची आपापली रीत आहे. म्हणजे एका देहाला तीन निरोप मिळतात. त्यांतला खरा त्याचा कोणता?

पहिला निरोप बिगुलाचा. अमेरिकन सैन्यात माजी सैनिकाला मूठमाती देताना चोवीस स्वरांची एक लहानशी धून वाजवतात. तिचा जन्म १८६२ सालचा. तिकडच्या यादवी युद्धात, जुलै महिन्यात, व्हर्जिनियातील हॅरिसन्स लँडिंगच्या छावणीत जनरल डॅनियल बटरफील्ड ह्याने एक जुनी धून आपल्या बिगुलवाल्याकडून फिरवून घेतली. हेतू साधा होता: रात्र झाली, दिवे मालवा, निजा, एवढे सांगण्यासाठी. निजण्याची ती सूचना लवकरच थडग्यावर वाजू लागली, आणि ह्यात ओढून ताणून आणलेले असे काहीच वाटत नाही. मग शवपेटीवरचा ध्वज घडी घालून, त्याचा त्रिकोण करून घरच्या माणसाच्या हाती देतात. २००० सालापासून तर तिकडे कायद्यानेच ठरवून दिले आहे, की पात्र असलेल्या प्रत्येक माजी सैनिकाच्या अंत्यविधीला, कुटुंबाने मागणी केली तर, निदान दोन गणवेशधारी माणसे यावीत, ध्वजाची घडी व्हावी आणि ती धून वाजावी. तथापि, मरणारे अधिक आणि बिगुल वाजवणारे थोडे, असे झाले. तेव्हा बिगुलाच्या तोंडात बसवण्याचे एक यंत्र निघाले. शिपाई बिगुल ओठांना लावून उभा राहतो, आणि धून यंत्र वाजवते. ह्याला हसू नये. आपल्याकडे लग्नात मंगलाष्टके ध्वनिफितीवर लावतात आणि भटजी ओठ हलवतात, तेव्हाही अक्षता मनापासूनच पडतात.

दुसरा निरोप पोलिसांचा. ह्यात वाद्य नाही. नियंत्रण कक्षातून बिनतारी यंत्रावर गेलेल्या माणसाचा क्रमांक पुकारला जातो, जसा तो नोकरीत असताना रोज पुकारला जाई. उत्तर येत नाही. पुन्हा पुकारतात. पुन्हा काही नाही. मग तोच आवाज सांगतो, की ह्यांचा पहारा संपला, आता इतर पहारा सांभाळतील. कामावर असताना मारल्या गेलेल्यांसाठी ही रीत विशेषकरून पाळली जाते. काही ठिकाणी निवृत्तांसाठीही. ह्या विधीचे सारे बळ हाक आणि घोषणा ह्यांच्या मधल्या शांततेत आहे. उत्तर येणार नाही हे सर्वांना ठाऊक असते, आणि तरीही क्षणभर सर्वांचे कान टवकारलेले असतात.

तिसरा निरोप हौशी रेडिओवाल्यांचा, आणि तो सर्वांत गरीब. ना बिगुल, ना ध्वज, ना पुकारा. त्यांच्या मासिकात गेलेल्यांची यादी येते, नाव आणि संकेतनाम. त्या सदराचे नाव 'सायलेंट की'. म्हणजे मुकी झालेली कळ. कळ म्हणजे तारेची, कट्ट-कडकट्ट करणारी. आपल्याकडे तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली; पण तार आली म्हटल्यावर घरात पसरणारी भीती अनेकांच्या स्मरणात आहे. मोर्सच्या लिपीत संभाषण संपवताना एक ठरीव खूण पाठवतात. ती इंग्रजीतील 'एस' आणि 'के' ही अक्षरे जोडून झालेली आहे. अर्थ एवढाच, की माझे बोलणे संपले. मुक्या कळीची आद्याक्षरेही तीच. ज्या खुणेने रोजचा गप्पांचा फड मोडायचा, त्याच खुणेने जन्माचाही मोडायचा! अमेरिकेत २००७ सालापासून परवान्यासाठी मोर्सची परीक्षा द्यावी लागत नाही. ज्यांनी आयुष्यात कळीला बोट लावले नाही असे हौशीही आता आहेत. पण मेल्यावर त्यांचीही कळच मुकी होते.

आता ह्या तीन निरोपांकडे नीट पाहू. पहिले दोन देते राज्यसंस्था. ती म्हणते: तू माझी सेवा केलीस, मी तुझी नोंद ठेवली आहे. तिसरा निरोप देणारी माणसे कोण? बहुतेकांनी त्याचे तोंडही पाहिलेले नसते. एखादा फिनलंडात, एखादा जपानात, एखादा बंगळूरला. त्यांना ठाऊक असतो त्याचा आवाज किंवा कळीवरचा हात, कारण जाणकार कानाला प्रत्येकाच्या हाताची लकब ओळखू येते. त्यांच्यात हुद्द्याला किंमत नाही. जॉर्डनचे राजे हुसेन हौशी होते आणि त्या लहरींवर नुसते हुसेन होते. आपले राजीव गांधीही परवानाधारक हौशी. ह्या मंडळींत पुरुष एकमेकांना, समोरचा सोळा वर्षांचा असला तरी, 'ओल्ड मॅन' म्हणजे 'म्हातारबा' म्हणतात. वारीत लहानथोर सगळे एकमेकांना 'माऊली' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. आणि निघताना '७३' हा आकडा पाठवतात. एकोणिसाव्या शतकातल्या तारमास्तरांपासून चालत आलेला हा आकडा. अर्थ, लोभ असावा.

इथे सहज असा मोह होतो, की तिसरा निरोपच खरा ठरवावा. युक्तिवादही तयार आहे. सैनिक हुकुमाने लढला, पोलीस पगारासाठी फिरला. रेडिओ मात्र त्याने कोणी न सांगता केला. अमेरिकेचा कायदा हौशी रेडिओवरून पैसा मिळवण्यास मनाई करतो. मग जे हुकुमाशिवाय, मोबदल्याशिवाय केले तेच त्या माणसाचे खरे रूप नव्हे काय? आपला 'हौस' हा शब्दही ह्या बाजूने साक्ष देईल. अरबी-फार्सीतून तो आला. हिंदीत 'हवस' म्हणजे वासना, हाव. मराठीने तोच शब्द घेतला आणि त्यातले विष काढून टाकले. आपल्याकडे हौस बाळंतिणीची पुरवतात, नवी नवरी हौसेने नटते, आणि हौसेला मोल नाही असे आपण अभिमानाने सांगतो. ज्या इच्छेत कोणाचे काही हिसकावून घ्यावयाचे नसते तिला मराठीने हौस म्हटले आहे.

परंतु हा युक्तिवाद जितका गोड तितकाच कच्चा आहे. आठ हजार मैलांवरच्या अनोळखी माणसाशी गोड बोलणे फारसे कठीण नसते. तो उसने पैसे मागत नाही, त्याच्या म्हशी आपल्या कुंपणात शिरत नाहीत, आणि कंटाळा आला की बटण फिरवता येते. शेजाऱ्याचे बटण फिरवता येत नाही. जगाशी सौजन्याने बोलणारा गृहस्थ स्वयंपाकघराशी त्याच संध्याकाळी खेकसून बोलत नसेल कशावरून? हौशीत मनुष्य मोकळा असतो हे खरे. पण मोकळेपणी चांगले वागण्यात त्याचे खर्ची काय पडले? उलट, जिथे मन लागत नाही, पाय मागे ओढतो, अशा ठिकाणी जो आपला पहारा सोडीत नाही त्याने मोल दिलेले असते. रात्री दोन वाजता दारुड्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोमुलांना सोडवून आणणारा पोलीस हौसेने गेलेला नसतो. म्हणून त्याचे जाणे हलके ठरत नाही. किंबहुना म्हणूनच ते जड आहे. कर्तव्याला हौशीच्या खाली बसवणे हा कर्तव्यावर अन्याय होईल.

मग कर्तव्यालाच मान द्यावा, आणि सैनिक व पोलीस होता एवढ्यावर हात जोडावेत? तेही इतके सोपे नाही. कायद्याचा राखणदार म्हटले, की कोणता कायदा, हे विचारावेच लागते. ७ मार्च १९६५ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात, सेल्मा गावच्या एडमंड पेटस पुलावर, मताचा हक्क मागत शांतपणे निघालेल्या सुमारे सहाशे कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांवर पोलिसांनी आणि शेरीफच्या माणसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला. मारणाऱ्यांच्या छातीवरही कायद्याचाच बिल्ला होता. त्यांच्यापैकी पुढे जे वारले त्यांच्याही मृत्युलेखात 'कायद्याची इतकी वर्षे सेवा' असेच छापले गेले असेल.

आणि दूर कशाला जावे? आपल्या मुंबईतच १९४२ च्या ऑगस्टमध्ये बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी ह्यांनी एक गुप्त नभोवाणी केंद्र सुरू केले. रेडिओचे तंत्र जाणणारे लोक मदतीला होते. महायुद्ध चालू होते, आणि असे प्रक्षेपण करणे हा गुन्हा होता. केंद्र ४२.३४ मीटरवर बोले आणि पकडले जाऊ नये म्हणून जागा बदलत राही. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी ते गाठले. उषाबाईंना चार वर्षांची सजा झाली आणि त्या येरवड्याला गेल्या. १९९८ साली स्वतंत्र भारताने त्यांना पद्मविभूषण दिले. ते केंद्र हुडकणारे पोलीस आपले कामच करीत होते. त्यांच्यात कोणी घरी प्रेमळ असेल, कोणी निवृत्त झाल्यावर बागेत रमला असेल. तरी त्या रात्री न्यायाची बाजू दरवाजाच्या आत होती आणि कायदा बाहेरून दरवाजा ठोठावीत होता. नुसत्या कर्तव्यनिष्ठेला मान द्यावयाचा, तर ह्या दरवाजाच्या दोन्ही बाजूंना सारखाच द्यावा लागेल. मन त्याला तयार होत नाही, आणि होऊही नये.

तेव्हा हौस पुरत नाही, आणि कर्तव्यही पुरत नाही. मग ह्या तिन्ही ओळखींच्या आरपार जाणारे असे काही आहे काय, की ज्यावर माणसाला जोखता येईल? मला वाटते, आहे. आणि ते रेडिओच्याच इतिहासात सापडते.

१९२८ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी गस्तीच्या मोटारींत रेडिओ बसवले. मोठीच सुधारणा होती ती. पण ते यंत्र एकतर्फी होते. ठाण्यावरून हुकूम सुटे, मोटारीतल्या शिपायाला तो ऐकू येई. परंतु त्याला उलट एक शब्द बोलता येत नसे. हुकूम पोचला की नाही हेही सांगायचे, तर गाडी थांबवून दूरध्वनी शोधावा लागे. गाडीतून उलट बोलण्याची सोय न्यू जर्सीतील बेयॉन गावच्या पोलिसांनी केली ती १९३३ मध्ये. आणि हौशी लोक? त्यांनी १९२३ च्या नोव्हेंबरातच अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिका आणि फ्रान्स ह्यांच्यात दुतर्फी संभाषण केले होते! म्हणजे महासागरापलीकडच्या परक्याशी सवाल-जवाब होत असताना, त्याच देशातल्या शिपायाला आपल्याच शहरातल्या ठाण्याला "होय" म्हणता येत नव्हते. तंत्राच्या अडचणी होत्या, हे खरे. चालत्या गाडीत यंत्र बसवणे घरात बसवण्याइतके सोपे नव्हते. तरीही सत्तेची पहिली गरज बोलण्याची असते आणि हौशीची पहिली गरज उत्तर मिळण्याची असते, हे त्या दोन सालांतून दिसल्याशिवाय राहत नाही.

रेडिओच्या साध्या यंत्राचा आणखी एक धर्म आहे. बोलण्याचे बटण दाबून ठेवले असेपर्यंत आपल्याला दुसऱ्याचे ऐकू येत नाही. म्हणून नव्या हौशीला पहिला धडा असतो तो ऐकण्याचा. आधी ऐका, लहर मोकळी आहे का पाहा, कोणाचा क्षीण आवाज आपल्या जोरदार आवाजाखाली चिरडत तर नाही ना, ह्याची खात्री करा, मग बोला. बोलताना दर दहा मिनिटांनी आणि शेवटी आपले संकेतनाम सांगा, म्हणजे कोण बोलतो हे लपवू नका. अर्थ झाकण्यासाठी गुप्त भाषा वापरू नका. आणि कोठूनही संकटाची हाक आली, की आपले सगळे गप्पाष्टक बंद करून वाट द्या. हे अमेरिकेचे नियम. परंतु माणसाने माणसाशी कसे वागावे ह्याचे ह्याहून सुटसुटीत शास्त्र मी तरी पाहिलेले नाही. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामीने अंदमानशी दळणवळण तोडले, तेव्हा हौसेखातर पोर्ट ब्लेअरला गेलेल्या मूठभर भारतीय हौशींनी ह्याच शिस्तीने रात्रंदिवस निरोप पोचवले होते. हौस त्या दिवशी कर्तव्याच्या वर्गात जाऊन बसली.

तर मोजमाप हे: ह्या माणसाच्या हाती बटण असताना, त्याने समोरच्याला बोलायला जागा ठेवली का? सैनिक म्हणून त्याच्या हाती बंदूक होती. शरण आलेल्याचे त्याने ऐकले का? पोलीस म्हणून त्याच्या हाती बेडी होती. पकडलेल्याची बाजू ऐकण्यापुरते तरी त्याने बटण सोडले का? गोष्टी तिन्ही वेळा निराळ्या, पण कस एकच. आणि ह्या कसाला हुकूम आड येत नाही. कारण हुकूम पाळणाऱ्याच्याही हाती, पाळण्याच्या पद्धतीत, थोडी जागा उरतेच. सेल्माच्या पुलावर नेमके हेच झाले नाही. दोन मिनिटांत पांगा, अशी ताकीद दिली गेली. मोर्चातल्या म्होरक्याने बोलण्याची संधी मागितली, ती नाकारली गेली. आणि ताकिदीची मुदत संपण्याआधीच लाठ्या सुटल्या.

ह्या ऐकण्याचे एक चित्र मला फार हलवून जाते. व्हिएतनामच्या युद्धात तिथल्या शिपायांना घरी दूरध्वनी करणे दुरापास्त होते. तेव्हा अमेरिकेतले हौशी, लष्कराशी जोडलेल्या केंद्रांमार्फत, रेडिओवरून आलेला शिपायाचा आवाज स्थानिक दूरध्वनीला जोडून देत. सिनेटर बॅरी गोल्डवॉटर ह्यांच्या ॲरिझोनातील घरी असलेल्या केंद्रावरूनही स्वयंसेवक असे हजारो फोन जोडून देत असत. रेडिओ एका वेळी एकाच बाजूने चाले. म्हणून आपले वाक्य संपले की "ओव्हर" म्हणावे लागे. तो शब्द ऐकला की मधला हौशी बटण फिरवी. विचार करा: आई विचारते आहे, जेवतोस का नीट, ओव्हर. बायको सांगते आहे, मुलगी झाली, ओव्हर. आणि मध्ये एक अनोळखी मनुष्य बसला आहे, ज्याला सगळे ऐकावे लागते आणि ऐकलेले सगळे विसरावे लागते. त्याने मध्ये एक शब्द घालायचा नाही. फक्त प्रत्येकाची पाळी त्याला नीट मिळेल एवढे पाहायचे. कदाचित मृत्युलेखातला आपला तो माणूस तरुणपणी त्या लहरीच्या एका टोकाला बोलत उभा असेल आणि प्रौढपणी दुसऱ्या कोणासाठी मध्ये बसला असेल.

हिरम पर्सी मॅक्झिम ह्याची कथा ह्या संदर्भात आठवते. त्याच्या वडिलांनी मशीनगन शोधून काढली. मुलाने बंदुकीचा आवाज दाबणारे यंत्र शोधले, आणि १९१४ साली अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांची संघटना स्थापण्यात पुढाकार घेतला. एका हाताने बंदुकीला मुके केले, दुसऱ्या हाताने माणसांना वाचा दिली. १९३६ साली तो वारला. त्याचे संकेतनाम मात्र संघटनेने त्याची आठवण म्हणून आपल्या केंद्राला घेतले, आणि त्या नावाने आजही प्रक्षेपण होते.

सामान्य हौशीच्या संकेतनामाचे काय होते? अमेरिकेत ते मृत्यूनंतर दोन वर्षे इतरांना देत नाहीत. त्या अवधीत जवळच्या नातलगाला ते मागता येते. मात्र त्याने स्वतः परीक्षा देऊन परवाना मिळवलेला असला पाहिजे. आजोबांचे घड्याळ नातवाला नुसते मिळते; आजोबांचे संकेतनाम शिकल्याशिवाय मिळत नाही. दोन वर्षे उलटली, की ते नाव कोणाही अनोळखी माणसाकडे जाऊ शकते. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. शोकाला मुदत आहे, वारशाला अट आहे, आणि शेवटी नाव जगाच्या उपयोगाला परत जाते.

मागे राहतात ती कार्डे. दोन हौशींचे बोलणे झाले, की खूण म्हणून एकमेकांना टपालाने कार्ड पाठवण्याची चाल आहे. जन्मभराची ती कार्डे खोक्यांत भरून ठेवलेली असतात. त्यांत सोव्हिएत संघ असतो, युगोस्लाव्हिया असतो, पूर्व जर्मनी असते. नकाशावरून पुसले गेलेले देश तिथे गुण्यागोविंदाने नांदतात. पोर्तुगीज अमदानीतला गोवासुद्धा ह्या लोकांच्या यादीत एक वेगळा 'देश' होता. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि ती नोंद 'बाद' यादीत गेली. एखाद्या अमेरिकन घराच्या माळ्यावर पणजीचा शिक्का असलेले कार्ड आजही पडलेले असू शकेल. मुलांना त्याचे काय? पदके भिंतीवर लागतात, बिल्ला काचेच्या पेटीत बसतो, आणि खोकी रद्दीत जातात. आपल्याकडे वडिलांची हार्मोनियम, काकांचे पोस्टाच्या तिकिटांचे पुस्तक, आत्याच्या भरतकामाचे नमुने ह्यांचे हेच होते. ज्या गोष्टीवर गेलेल्याने जीव लावला, पण आपल्याला ज्यात काडीचा रस नाही, तिचे आपण काय देणे लागतो?

सगळे जपा, असे मी म्हणणार नाही. घरे लहान असतात. पण टाकण्यापूर्वी एकदा चाळून पाहणे, हे देणे खचित आहे. कारण पदक सांगते की राज्याने त्याला काय म्हटले. कार्ड सांगते की रात्री एक वाजता, घर निजल्यावर, तो कोणाचे ऐकत बसला होता. तेवढ्याने तो चांगला ठरत नाही. पण त्याला जोखायचे असेल, तर हाही पुरावा तराजूत पडला पाहिजे; आणि त्याबरोबर, त्याने बेडी घातलेल्यांपैकी एखाद्याचा शब्दही पडला पाहिजे. मृत्युलेखात ह्यांतले काहीच नसते. रामाने विभीषणाला रावणाचे अंत्यसंस्कार करायला लावले, ते वैर मरणाबरोबर संपते म्हणून. रावणाने काय केले ते विसरा, असे मात्र त्याने सांगितले नाही. मेलेल्याला क्षमा करावी, मान द्यावा, आणि खरे तेही आठवावे. ह्या तिन्ही गोष्टी एका घरात राहू शकतात.

दिवाळीत आपण उंच काठीवर आकाशदिवा लावतो. पितरांना वाट दिसावी म्हणून तो लावायचा, अशी जुनी समजूत आहे. हौशी रेडिओवाल्याच्या घरावरचा तारांचा खांब दुरून तसाच दिसत असेल. फरक इतकाच, की दिवा दाखवण्यासाठी असतो आणि खांब ऐकण्यासाठीही. गेलेल्यांसाठी आपण दिवा लावतोच. पण ह्या चार दिवसांत घरात सगळी माणसे जमतात, फराळाची ताटे पुढे येतात, आणि कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत एखादे आजोबा किंवा काका बसलेले असतात, ज्यांच्याविषयी आपल्याला त्यांचा हुद्दा आणि पेन्शनीचा आकडा ह्यांपलीकडे काही ठाऊक नसते. त्यांच्याजवळ पाट ओढून बसावे, आणि काय करीत होतात हे न विचारता, तुमचा जीव कशात रमे हे विचारावे. ते चटकन बोलणार नाहीत. मध्ये बराच वेळ शांतता पडेल. ती पडू द्यावी.